गल्लीचा वर्ग पाण्याच्या दिवसाप्रमाणे लावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली साधारण ७० घरांची गल्ली. बहुतेक बायका विड्या वळतात, पुरुष यंत्रमागावर. घरात तेलुगू, बाहेर मराठी. गल्लीतल्याच पाच-सहा जणींनी मोठ्यांसाठी लिहिण्या-वाचण्याचा वर्ग काढला, तो दीड महिन्यात बंद पडला. आता पुन्हा काढायचा आहे आणि सोबत गल्लीचं एखादं कामही हाती घ्यायचं आहे. काय चुकलं असेल, आणि या वेळी सुरुवात कुठून करावी?

दीड महिना हे असे वर्ग बंद पडण्याचं नेहमीचं वय आहे. पहिले पंधरा दिवस कुतूहलावर जातात, पुढचे पंधरा शिकवणारीच्या भिडेखातर. मग बाराखडी सुरू होते. ‘क का कि की’पाशी आलेल्या बाईच्या लक्षात येतं, की महिना झाला तरी घरातलं विजेचं बिल आपल्याला अजून वाचता येत नाही. ती भांडत नाही, कारणही सांगत नाही. फक्त यायची थांबते. त्यावरून ‘बायकांना गोडीच नाही’ असा निष्कर्ष काढू नका. वेळ चुकली, पहिला धडा चुकला आणि डोळे तपासले नाहीत, या तीन कारणांत बहुतेक बंद पडलेले वर्ग बसतात.

वेळेपासून सुरू करू. सोमवार-बुधवार-शुक्रवार असं वारावर बेतलेलं वेळापत्रक सोलापुरात टिकत नाही, कारण इथल्या घराचं घड्याळ नळावर चालतं. चार-पाच दिवसांनी एकदा पाणी येणार, ते कधी पहाटे, कधी रात्री. त्या दिवशी घरातली एकही बाई मोकळी नसते. म्हणून पाण्याचा दिवस म्हणजे वर्गाला सुट्टी, आणि पाणी येऊन गेलं की पुढचे चार दिवस वर्ग, असं चक्र ठरवा. पाणी एक दिवस पुढं गेलं तर सुट्टीही पुढं जाते, कोणाला निरोप धाडायची गरज पडत नाही. सगळ्या गल्लीला आपोआप कळणारं हे एकच वेळापत्रक आहे.

दुसरं घड्याळ विडीचं. सकाळी तयार विडी देऊन पानं-तंबाखू आणायचा, पानं भिजवायची, कापायची, दुपारपासून वळत बसायचं. दीड तासाचा वर्ग म्हणजे शंभर-दीडशे विड्या, पंचवीस-पंचवीसचे चार ते सहा कट्टे बुडाले. ‘शिक्षणासाठी एवढा त्याग करा’ म्हणणं सोपं आहे, पण ते पैसे आठवड्याच्या हिशेबात दिसतात. त्यातून चालण्याजोगा मार्ग असा: पहिली वीस-पंचवीस मिनिटं ऐकण्या-बोलण्याची ठेवा. मागचा धडा मोठ्यानं वाचून दाखवणं, तोंडी हिशेब, एखादा कागद समजावून सांगणं. एवढा वेळ मांडीवर सूप असलं, हात चालू राहिले, तरी बिघडत नाही. मग सूप बाजूला, हात साबणानं धुवायचे आणि पाटी घ्यायची. हात धुण्याचा आग्रह धरा, नाहीतर तंबाखूची भुकटी पाटीवरून पोरांच्या दप्तरात जाते. जेवणं उरकल्यावर, रात्री साडेआठ ते दहा, ही वेळही अनेक गल्ल्यांत जमते. मात्र यंत्रमागाच्या पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील, तर नवरा कुठल्या पाळीला आहे यावर बाईची रात्र ठरते, हे आधी विचारून घ्या.

आता तासांचं गणित. पायाभूत साक्षरतेला साधारण २०० तास धरण्याची रीत जुनी आहे. जुलैच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीअखेर सुमारे ३४ आठवडे, म्हणजे २४० दिवसांच्या आसपास. त्यातले पाच आठवडे गेलेच म्हणून धरा: गणपती, नवरात्र, कोजागरीला तुळजापूरची पायी वारी, दिवाळी, आणि जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. गड्ड्याच्या दिवसांत वर्ग ठेवण्याचा हट्ट करू नका, शिकवणारीही येणार नाही. उरलेल्या दिवसांत पाच-पाच दिवसांची ४० चक्रं बसतात. प्रत्येकी चार बैठका धरल्या तर १६०, आणि दीड तासाच्या हिशेबानं २४० तास. पण कोणतीही बाई रोज येत नाही. पाऊण हजेरी ही चांगली हजेरी. म्हणजे एकीच्या वाट्याला १८० तास येतात आणि उरलेले वीस घरच्या सरावातून काढावे लागतात. दिवाळीनंतर सुरू केलेला वर्ग मार्चच्या सरकारी साक्षरता चाचणीला पुरा का पडत नाही, ते या आकड्यांवरून दिसेल.

सुरू करण्याआधी घरोघर फिरा, पण ‘तुम्ही अडाणी आहात का’ या अर्थाचा कोणताही प्रश्न विचारू नका. त्याला खरं उत्तर मिळत नाही; चौथी झालेली आणि सगळं विसरलेली बाई ‘शिकलेय की’ म्हणते, आणि ते खोटंही नसतं. त्याऐवजी तीन वस्तू सोबत ठेवा: विजेचं बिल, गोळ्यांची पट्टी आणि एखाद्या लग्नाची पत्रिका. ‘अक्का, यातलं काय काय लागतं तुम्हाला?’ एवढंच विचारा. काही बायका बिलावरचा आकडा सांगतात पण तारीख सांगत नाहीत, काही नुसती अक्षरं ओळखतात, काही कागद न पाहताच परत करतात. तीन गट तिथंच पडतात. ज्यांना अक्षरं येतात त्यांना पहिलीपासून बसवू नका, त्या चौथ्या दिवशी उठून जातील. त्यांना मदतनीस करा.

याच फेरीत डोळे पाहा. चाळिशी ओलांडलेल्या बाईला जवळचं अंधुक दिसतं आणि ती समजते की आपल्या डोक्यातच शिरत नाही. वर्षानुवर्षं मंद उजेडात वाकून विड्या वळलेल्या बाईला तर हातातलं पान चाचपून कळत असतं, डोळ्यांचं काम कमी झाल्याचं तिच्या ध्यानातही येत नाही. साधारणपणे चाळिशीच्या सुरुवातीला १ नंबर, पन्नाशीला दीड-दोन, पुढं अडीचपर्यंत जवळचा चष्मा लागतो. नेमका नंबर तपासणाऱ्यानंच ठरवावा, कारण मोतीबिंदूही निघतो. एखाद्या नेत्र रुग्णालयाचं शिबिर वर्ग सुरू होण्याच्या आधीच्या आठवड्यात लावून घ्या, नंतर नको. तरीही पहिल्या महिन्याचे कागद २४ ते २८ पॉइंटच्या मोठ्या टायपातच छापा. फळा ४ बाय ३ फुटांचा, काळाच. पांढऱ्या फळ्यावर ट्यूबलाइट चमकते आणि मार्करचा खर्च दर महिन्याला मागं लागतो.

जागेबद्दल एकच सांगायचं. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, मोठा असतो, म्हणून सगळे तिकडं वळतात. पण मग गल्लीतली मुसलमान घरं येत नाहीत, आणि आणखीही काही घरं न बोलता बाहेर राहतात. समाजमंदिर, महापालिकेच्या शाळेची खोली किंवा एखादीचा रुंद ओटा बरा. एका शिकवणारीकडं आठ ते दहाच जणी द्या आणि प्रत्येक गटाला शिकवणाऱ्या दोघी ठेवा. बारावी झालेली मुलगी उत्तम शिकवते, पण तिचं लग्न ठरतं, नोकरी लागते, परीक्षा येते. एकटीवर उभा असलेला गट तिच्याबरोबर जातो. आणि पोटच्या मुलीला आईला शिकवायला लावू नका. आई तिच्यासमोर चुकायला धजत नाही, मुलगी चिडते. शेजारच्या घरची मुलगी अदलाबदलीनं घ्या, तेच काम गोडीनं होतं. हाक मारताना अक्का, अम्मा, मावशी, वहिनी, जे गल्लीत चालतं तेच. शाळेतल्या बाईंचा सूर लागला की मोठी माणसं लगेच पाच वर्षांची होतात, आणि तो अपमान विसरत नाहीत.

आता पहिला धडा, ज्यावर बाकी सगळं अवलंबून आहे. ‘अ अननसाचा’ नको. सोलापुरात अननस रोज कोण पाहतं? पहिले दोन शब्द घ्या: पान आणि नळ. खरं पान हातात द्या, शब्द फळ्यावर मोठा लिहा, आधी चित्रासारखा ओळखू द्या, मग तोडा. प, न, ळ आणि काना, एवढ्या चार खुणांतून नाळ, पळ, पाळ, नाना, पाना असे शब्द बायकाच जुळवतात. ‘पाप’ही जुळतो आणि तिथं वर्ग हसतो, कारण मराठीत ते पाप, आणि शेवटचा ‘अ’ उच्चारला की तेलुगूत तान्ही पोर. हसू द्या. तो शब्द पुन्हा कोणी विसरत नाही.

दुसऱ्या गटात सूत आणि दोरा. स, त, द, र आल्यावर सात, तास, दार, तार, रात, दोन, दूर, सूप हे सगळं हाताशी येतं आणि पहिलं वाक्य तयार होतं: सूप दारात. वाक्य छोटं आहे, पण ती अक्षरं आणि ते सूप दोन्ही तिच्या समोर असतात. तिसऱ्या गटात विडी आणि घर. व, ड, घ आणि दोन्ही वेलांट्या मिळाल्या की नाव, पाव, वीस, दिवस, रविवार वाचता येतात. ‘रविवार’ वाचणारी बाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडं आपणहून जाते. एवढ्याला बारा ते पंधरा बैठका पुरतात, म्हणजे पूर्वीच्या वर्गात जिथं बाराखडी चालली होती, तिथं ही तारीख-वार शोधू लागलेली असते. मुळाक्षरांचा पूर्ण तक्ता तिसऱ्या महिन्यात लावा. तेव्हा तो ओझं वाटत नाही, आपल्याला किती आलं याची मोजणी वाटते.

अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. ऱ्हस्व वेलांटी आधी लिहायची आणि नंतर उच्चारायची, हे सगळ्यांनाच विचित्र वाटतं. ‘वि’ हे एकच चित्र म्हणून द्या, फोड नंतर. तेलुगू बोलणाऱ्या बायकांना आणखी एक अडचण येते. त्यांच्या भाषेत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ ऐकू येतो, मराठीत आपण तो गिळतो. म्हणून ‘नळ’ त्या ‘नळ-अ’ असा वाचतात, किंवा लिहिताना ‘याला काना हवा का?’ विचारतात. शेवटचं अक्षर आखडतं घ्यायचं, एवढा नियम सांगून दहा शब्द म्हणवून घ्या, सुटतं. तेलुगू-कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’-‘ओ’ वेगवेगळे आहेत, मराठीत लिहिताना एकच. तिकडं दुर्लक्ष केलेलं चालतं. लिंगाच्या चुका, ‘ती पान’, ‘तो विडी’, वर्षभर सुधारू नका. वर्ग वाचायला शिकवण्यासाठी आहे, शुद्ध मराठी बोलवण्यासाठी नाही. उलट शिकवणारीनं अर्थ तेलुगूत सांगावा, पान म्हणजे ‘आकु’, पाणी म्हणजे ‘नीळ्ळु’, आणि ‘आकु’ देवनागरीत लिहून दाखवावं. आपली बोली कागदावर येते हे पाहिल्यावर जी भीती जाते, ती दहा धड्यांनी जात नाही.

स्वतःचं नाव मात्र या क्रमात बसत नाही. ‘लक्ष्मी’मध्ये तीन व्यंजनांचं जोडाक्षर आहे, ते तिसऱ्या दिवशी फोडून शिकवायला जाल तर दोघीही थकाल. नाव चित्र म्हणून गिरवू द्या. फोड सहाव्या महिन्यात.

हातांचंही पाहा. विडी वळणारीची बोटं चपळ असतात, पण लेखणीची पकड वेगळी आणि दाब जास्त; पाटीवरच्या पेन्सिली पटापट मोडतात. पहिला आठवडा दोन-दोन इंची अक्षरं पाटीवर, नंतर दुरेघी वही, आणि दुसऱ्या महिन्यापासून बॉलपेनच. फॉर्म पेन्सिलीनं भरत नाहीत.

आकड्यांत या बायका तुमच्या पुढं असतील, हे गृहीत धरा. २५ विड्यांचा कट्टा, ४ कट्ट्यांचे १००, ४० कट्ट्यांचे १०००: शतक आणि हजार त्यांच्या बोटांत आहेत, फक्त कागदावर नाहीत. म्हणून एकं-दहं-शतं कट्ट्यांवरच शिकवा. रोजच्या वहीत चार रकाने: तारीख, दिलेली विडी, छाट (म्हणजे कारखान्यानं नाकारलेली), उरलेली. १००० दिल्या, ६० छाट, ९४० जमा. वजाबाकीचं याहून चांगलं उदाहरण कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. या वहीत आणि कारखान्याच्या नोंदीत फरक निघाला, तर तो वर्गात भांडायचा विषय करू नका. ते काम युनियनचं. वर्गावर एकदा तसा शिक्का बसला की काही बायकांना घरूनच अडवलं जातं.

देवनागरी आणि इंग्रजी, दोन्ही आकडे पहिल्या महिन्यातच जोडीनं द्या. फोन, बिल, गाडीची पाटी इंग्रजी आकड्यांत. कॅलेंडर आणि पत्रिका मराठीत. पुढं एक खेळ फार उपयोगी पडतो, नंबर लांबीवरून ओळखण्याचा. मोबाइल १० आकडी, आधार १२ आकडी, वीज ग्राहक क्रमांक १२ आकडी, पीएफचा यूएएन १२ आकडी, बँकेचा आयएफएससी ११ खुणांचा आणि त्यात अक्षरंही. तीन नंबर बारा-बारा आकडी निघाल्यावर ‘मग कुठला कुठला?’ हा प्रश्न येतो आणि कागदावर नंबरच्या शेजारी काय लिहिलंय ते वाचण्याची गरज आपोआप तयार होते. ओटीपी चार किंवा सहा आकडी, आणि तो फोनवर मागणाऱ्या कोणालाही सांगायचा नाही, हेही याच धड्यात.

सहीबद्दल थोडं कडक बोलायला हवं. ‘सही यायला लागली’ म्हणून पाठ थोपटणारे वर्ग बायकांचं नुकसान करतात. अंगठा देताना बाई निदान चारचौघांना विचारते, ‘कशावर देऊ?’ सही येणारी लाजेपोटी विचारत नाही. गटकर्जाचे कागद गल्लीत आठवड्याला फिरत असतात. म्हणून सही आणि कागद एकत्र शिकवा: रक्कम किती, हप्ता किती, किती हप्ते, दुसरी बुडाली तर मी जबाबदार का. ही चार उत्तरं कागदावर बोट ठेवून दाखवता आली तरच सही. हप्ता गुणिले हप्त्यांची संख्या, वजा मिळालेली रक्कम, म्हणजे कर्जाची खरी किंमत. हे गणित एकदा फळ्यावर झालं की गल्लीत बरीच चर्चा होते.

आता गल्लीचं काम. वर्ग एकीकडं आणि गल्लीचं काम दुसरीकडं, असं करू नका. १९९१ मध्ये तमिळनाडूच्या पुदुकोट्टईत साक्षरता मोहिमेबरोबर हजारो बायका सायकल शिकल्या, आणि मोहीम सायकलीमुळेच लोकांच्या लक्षात राहिली. सोलापुरात सायकलीच्या जागी पाणी आहे. आणि ‘विडी कामगार बायकांना प्रकल्प झेपतील का’ असं कोणी म्हणालं, तर सोलापूरजवळच्या कुंभारीकडं बोट दाखवा: २००६ साली उभी राहिलेली गोदूताई परुळेकर वसाहत १०,००० घरांची आहे, आणि ती विडी कामगार बायकांच्याच सहकारी संस्थेची.

काम निवडताना ते गल्लीच्या आतलं असावं, सहा ते आठ आठवड्यांत काहीतरी दिसावं आणि लिहिल्या-वाचल्याशिवाय होणार नाही असं असावं. पाण्याचा फलक यात नेमका बसतो. ३ बाय २ फुटांचा पत्रा, काळा रंग, पांढऱ्या ऑइलपेंटनं पाच रकाने: तारीख, पाणी आलं, पाणी गेलं, बॅरल किती मिनिटांत, लिहिणारीचं नाव. पाऊस लागणार नाही अशा वळचणीखाली, पाच फुटांच्या उंचीवर लावा. सहा फुटांवर लावलेला फलक बायका लिहू शकत नाहीत, आणि मग एखादा पुरुष ते काम घेऊन टाकतो.

मोजमाप तीन घरी करा: गल्लीच्या तोंडाशी, मध्यावर आणि टोकाला. २०० लिटरच्या बॅरलवर २० लिटरच्या बादलीनं पाच वेळा भरून १०० लिटरची खूण रंगवून घ्या, कारण टोकाच्या घरी पूर्ण बॅरल भरतच नाही. १०० लिटर दहा मिनिटांत भरले तर मिनिटाला १० लिटर, वीस मिनिटांत भरले तर ५. भागाकार इथं शिकवा. मोजताना मोटार बंद, हा नियम तिन्ही घरांना. आणि मोटारींचं प्रकरण पहिल्या दोन महिन्यांत अजिबात उकरू नका. नळाला थेट मोटार लावली की टोकाच्या घराचं पाणी ओढलं जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. फलकावरच्या आकड्यांतून ते आपोआप दिसतं. नावं घेऊन सुरुवात केली तर अर्धी गल्ली दुसऱ्या दिवशी वर्गाला येणार नाही. दोन महिन्यांत १२ ते १५ नोंदी जमतात. एवढ्या नोंदींवर बोलता येतं. तीन नोंदींवर नुसती तक्रार होते.

पाण्याच्या दिवशीच बॅरल घासण्याचं काम जोडा. चार-पाच दिवस साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, हे सरकारी फलकांवर लिहिलेलं असतं. पण बॅरल रिकामं केलं तरी डास का होतात, ते कोणी सांगत नाही. अंडी पाण्यात नसतात, पाण्याच्या रेषेच्या जरा वर कडेला चिकटलेली असतात, आणि कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. म्हणून नुसतं ओतून चालत नाही, आतली कड ब्रशनं घासावी लागते. उन्हाळी-पावसाळी हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे दर पाण्याला घासलं तर साखळी तुटते. अडचण एवढीच, की लोक अर्धं भरलेलं बॅरल रिकामं करायला तयार नसतात आणि वरून भरतात. त्यांचं बरोबरच आहे, पुढचं पाणी कधी येईल याची खात्री नसते. त्यावर उपाय दोन बॅरलं आळीपाळीनं: एक संपवायचं, घासायचं, भरायचं, मग दुसरं. फलकावर ‘घासलं’ हा सहावा रकाना नंतर वाढवा.

नोंदी जमल्या की अर्ज. महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयाच्या नावानं, एका कागदावर एकच मागणी: टोकाच्या घरांना दाब कमी का, पाहणी करावी. सोबत फलकाच्या नोंदींची नक्कल. मसुदा वर्गात फळ्यावर तयार करा. प्रत्येकीनं निदान एक ओळ सांगावी आणि एकीनं लिहावा, वेड्यावाकड्या अक्षरात असला तरी. दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पोच नसलेला अर्ज दिलाच नाही असं समजा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपये भरून ‘अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ एवढंच विचारा; त्याला ३० दिवसांची मुदत आहे. तिकडून ‘तांत्रिक कारणास्तव’ असं पत्र येण्याची शक्यता दाट. तेही वर्गात वाचा. शासकीय मराठी वाचायला शिकण्यासाठी त्याहून अवघड उतारा सापडायचा नाही.

सरकारी बाजू थोडक्यात. केंद्राचा उल्लास हा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२-२३ ते २०२६-२७ या काळासाठीचा आहे, १५ वर्षांवरच्यांसाठी, आणि तो स्वयंसेवकांवर चालतो. शिकवणारीला मानधन नाही, हे आधीच सांगून टाका. नोंदणी जवळच्या शाळेतून होते. मुख्याध्यापकांना जूनच्या शेवटी भेटा, फेब्रुवारीत नव्हे. चाचणी १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०, आणि तिन्हींत वेगवेगळे ३३ टक्के, म्हणजे १७ गुण लागतात. बायका संख्याज्ञानात सहज पुढं जातात आणि लेखनात अडतात, म्हणून जानेवारीपासून रोज पाच ओळी स्वतःच्या मनानं लिहून घ्या. कमी पडलेल्यांना ‘सुधारणा आवश्यक’ असा शेरा मिळतो आणि पुन्हा बसता येतं. नापास हा शब्द गल्लीत फिरू देऊ नका. चाचणी कोणत्या भाषेत द्यायची, ते नोंदणीच्या वेळीच ठरवून घ्या.

पैसा कमी लागतो आणि भांडणं त्यावरूनच होतात. खडू, पाट्या, पत्रा, रंग, एक दिवा. घटकाभराच्या उत्साहात संस्था नोंदवू नका. नोंदणीला किमान सात जण लागतात, मग हिशेब तपासणी, बदल अर्ज, आणि वर्गाची दुपार त्यात जाते. पहिलं वर्ष वहीवर चालवा. आठवड्याला ठरलेली छोटी वर्गणी, खर्चाची पावती वहीत चिकटवलेली, आणि महिन्यातून एकदा हिशेब शिकणाऱ्या बाईनंच मोठ्यानं वाचायचा. अडखळत वाचला तरी चालेल, तिच्याऐवजी दुसऱ्या कोणी वाचू नये.

मार्चनंतरचं आतापासून ठरवा. १९५९ साली साताऱ्यातून सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गावंच्या गावं ईर्ष्येनं शिकली, आणि पुढं वाचायला काही हाती नसल्यानं बरेच जण पुन्हा विसरले. सहा महिने न वाचलेली नवी अक्षरं पुसली जातात. हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं शहरात आहेत, पण नुकती वाचायला लागलेली बाई तिथली पायरी चढत नाही. चाळीसेक पातळ, मोठ्या टायपाच्या पुस्तकांची पेटी गल्लीतच ठेवा, एकीच्या घरी, नोंदवही तिच्याकडंच. ज्यांना पुढं जायचंय, त्यांच्यासाठी राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची पाचवी आणि आठवीच्या पातळीची परीक्षा आहे, आणि मग दहावीला १७ नंबरचा फॉर्म. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत बसवू नका, पारा चाळिशीच्या वर असतो. आठवड्यातून एक रात्र, नऊनंतर, कोणाच्या तरी गच्चीवर. सतरंजी, एक दिवा, आणि त्या आठवड्यात गल्लीत आलेले सगळे कागद: बिलं, नोटिसा, पत्रिका, औषधांच्या चिठ्ठ्या. ज्या घरचा कागद असेल, त्या घरच्या बाईनंच तो आधी वाचायचा.